बेबीचा पाच नंबर

वॉशिंग मशीनला नंबर आहे आणि मला नाही, हे कळलं तेव्हा माझ्या हातात प्रिंटरची वायर होती. दुसरं काही असतं तर मी ते भिंतीवर फेकलं असतं.

झालं असं की प्रिंटर छापेना. नवरा दुकानात. तो चष्म्याच्या काचा घासतो, पण घरातल्या इंटरनेटचा सगळा कारभार त्याचा. राउटर त्यानेच आणला, त्यानेच बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ठोकला, आणि त्या डबीबद्दल बोलताना त्याचा आवाज असा काही मऊ होतो की ऐकून माझं डोकंच फिरतं. फोन केला तर म्हणाला, "प्रिंटरचा नंबर बदलला असणार. कॉम्प्युटर त्याला जुन्या नंबरावर शोधतोय. तू त्याला एक नंबर बांधून टाक."

"बांधून टाक म्हणजे? प्रिंटर आहे का म्हैस?"

"अगं, राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. जो रिकामा असेल तो. आज एक, उद्या दुसरा. पण आपण एखाद्याला कायमचा नंबर लावून देऊ शकतो. मग तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. ते यंत्र घरात असो वा नसो."

त्याने पासवर्ड सांगितला, कुठे काय दाबायचं ते सांगितलं, आणि मी राखीव नंबरांच्या पानावर जाऊन पोचले. चारच ओळी होत्या. दोन नंबरवर 'आई', म्हणजे माझ्या सासूबाईंचा फोन. तीनवर तो स्वतः. चारवर वॉशिंग मशीन. पाचवर 'बेबीचा फोन'. खाली मोकळं पान.

बेबी म्हणजे माझी नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण. चाळिशीला आलेली, केसांना रंग लावणारी बेबी. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली त्याला पंधरा वर्षं झाली. वर्षातून दोनदा येते, चार दिवस राहते. आणि तिच्यासाठी बाराही महिने पाच नंबर रिकामा ठेवलेला! मी इथे रोज राहते. दिवसभर लॅपटॉपवर मुलांना गणित शिकवते. या घरात इंटरनेट खरं कामाला कोण लावत असेल तर मी. आणि मला काय, तर दुसऱ्यांचं घेऊन झाल्यावर जो नंबर उरेल तो!

"माझा नंबर कितवा?" मी विचारलं.

"तुझा? तुला नाही बांधलेला. तुला काय, कुठलाही चालतो."

कुठलाही चालतो म्हणे. मी तोंड उघडायच्या आत त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि त्याने फोन ठेवला. मी प्रिंटरला सहा नंबर दिला. लगेच कागद ओकायला लागला मेला. म्हणजे आता प्रिंटरसुद्धा माझ्या पुढे.

मी गप्प बसलेही असते कदाचित. पण दुसऱ्याच दिवशी बेबी यायची होती आणि सासूबाईंच्या अंगात वारं संचारलं होतं. ठेवणीतल्या चादरी निघाल्या. जाड टॉवेल निघाला, तो, जो मला माझ्या बाळंतपणातसुद्धा मिळाला नव्हता. मग त्या मी शिकवते त्या खोलीत आल्या, माझ्या पांढऱ्या फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी बेबी इथे जरा आडवी होईल. तुझा तो वर्ग लवकर आटप हं."

"आई, उद्या सहाला माझी परीक्षा आहे," मी म्हटलं. "महिनाभर आधी सांगितलंय."

आणि ती खरंच परीक्षा होती. शिकवणीच्या संस्थेत तीन वर्षं मी हंगामी बाई म्हणून राबले. आता एक जागा कायम होणार होती. संस्थेचे मुख्य सर स्वतः वर्गात बसणार, मी शिकवणार, ते बघणार. जमलं तर कायम, नाही जमलं तर पुढच्या सत्रापासून घरी बस.

"हो का? बरं, मग बेबी बसेल बाहेर सोफ्यावर," सासूबाई म्हणाल्या. "दमून येईल बिचारी."

बिचारी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या खोलीबाहेर गेल्या तशी मी राउटरचं पान उघडलं. पासवर्ड आता माझ्याकडे होताच. बेबीच्या ओळीपुढची कचरापेटीची खूण दाबली. 'नक्की काढायचं?' असं त्याने विचारलं. नक्की म्हणजे काय, आनंदाने! आणि पाच नंबर माझ्या लॅपटॉपला लावला. सात घेता आला असता. आठ, नऊ, पन्नास, सगळे मोकळेच पडले होते. पण मला मोकळा नको होता. मला तिचाच हवा होता.

लॅपटॉपचं वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं. पाच. मला इतकं बरं वाटलं की मी उठून चहा केला आणि सासूबाईंनाही दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबी आली. सासूबाईंनी तिला दारातच जवळ घेतलं, किती वाळलीस म्हणाल्या. वाळली कसली, माझ्या दुप्पट झाली होती. बेबीने चपला काढल्या आणि आधी फोन पाहिला. "बघ आई, लागलंसुद्धा! घरी आलं की आपोआप लागतं." पासवर्ड तोच होता, लागणार नाही तर काय. पण मी मनातल्या मनात म्हटलं, लागलं गं बाई, पण आता कुठल्याही उरल्यासुरल्या नंबरावर. बस आता माझ्यासारखी.

संध्याकाळी मी फळा पुसला, केस नीट केले, लॅपटॉपसमोर उभी राहिले. सहाला दोन मिनिटं असतानाच पडद्यावर मुलं आली, मुख्य सर आले. "सुरू करा," ते म्हणाले. मी फळ्यावर एक द्वितीयांश लिहिलं, त्याच्या पुढे एक तृतीयांश लिहिलं, आणि विचारलं, "यांची बेरीज करता येईल का? लगेच?"

बाहेरच्या घड्याळात सहाचे ठोके पडले आणि पडद्यावरची सगळी तोंडं गोठली. एका मुलीचा हात वर, एकाचा जांभई दिलेला जबडा उघडाच. मग मुख्य सरांचा तुटका आवाज. "बाई... ऐकू... नाही..." मी पुन्हा सांगितलं. पुन्हा सगळे दगड. सरांनी लिहून पाठवलं, तेसुद्धा केवढ्या वेळाने आलं. 'पाच मिनिटं थांबतो. अडचण दूर करा.'

मी तशीच बाहेर धावले. राउटरचे सगळे दिवे हिरवेगार. आणि सोफ्यावर बेबी, मांडी घालून, फोनवर मालिका बघतेय, आणि ती मालिका पाण्यासारखी वाहतेय!

"वहिनी, आज काय नेट चालतंय गं!" ती म्हणाली. "एरवी इथे संध्याकाळ झाली की माझ्या फोनवर नुसतं चक्र फिरतं. मला वाटायचं फोनच म्हातारा झाला."

ते ऐकलं आणि मला पाच नंबर आठवला. खोलीत जाऊन दार लावलं आणि नवऱ्याला फोन केला. "पाच नंबरला काय करून ठेवलंयस तू?"

"पाच? अगं ते जुनं आहे. बेबीचं कार्टं सुट्टीत यायचं ना, तिच्या फोनवर गेम खेळत बसायचं आणि माझी मॅच अडकायची. म्हणून त्या नंबरला संध्याकाळी ब्रेक लावला होता. सहा ते नऊ. नंबर बांधल्याशिवाय ब्रेक लावता येत नाही. आता तो पोरगा वसतिगृहात गेला, काढायचं राहूनच गेलं बघ."

"आणि आईंना दोन नंबर कशाला?"

"बक्षीस लागलं म्हणून काहीही आलं की ती दाबते. म्हणून तिच्या नंबरावर बंदी घातलीय. मशीनला बांधलाय कारण मी ते दुकानातून चालू करतो. पण तुला आत्ता हे का..."

मी फोन ठेवला. म्हणजे ज्याच्या त्याच्या मानेला दोरी होती, एक मीच मोकळी होते, आणि मी आपल्या हाताने बेबीची दोरी काढून स्वतःच्या गळ्यात घातली. ब्रेक कुठल्या पानावर असतो ते शोधायला वेळ नव्हता, आणि नुसता पाच नंबर सोडला तरी भागेल हे त्या घाईत सुचलंच नाही. माझ्या फोनचा कॅमेरा तर कधीचा फुटलेला. मी पलंगावर बसले आणि खरं सांगते, मला रडूच आलं.

दार ढकलून बेबी आत आली. तिने पडदा पाहिला, फळा पाहिला, मला पाहिलं. "माझा फोन घे की," ती म्हणाली. "चल, पाठव इकडे ते वर्गाचं बोलावणं. मी धरते समोर."

"तुझी मालिका?"

"मरू दे मालिका. त्यात रोजच कुणीतरी कुणाला विष घालतं."

सरांची पाच मिनिटं संपायच्या आत आम्ही परत आलो. बेबी स्टुलावर उभी राहिली, दोन्ही हातांनी फोन छातीशी धरून. मी शिकवलं. छेद सारखे केल्याशिवाय बेरीज होत नाही, हे मी कागद कापून दाखवलं, मुलांकडून कापून घेतलं. मध्येच फोनच्या मागून आवाज आला, "अच्छा! म्हणून होय!" मुलं हसली. मुख्य सर हसले. बेबीचे हात अवघडले, पण तिने फोन खाली केला नाही, अगदी शेवटपर्यंत.

"शिकवता छान," सर म्हणाले. "आणि तुमचा फोनचा खांबही हुशार आहे. उद्या कळवतो."

बेबी दंड चोळत पलंगावर बसली. मी तिला पाणी दिलं.

"पाच नंबर लाभला बघ तुला," ती म्हणाली.

"कुठला पाच?" मी घाईने विचारलं.

"माझा गं! दादाने राउटर लावला तेव्हा मला सांगितलं होतं, बेबी, तू कधीही ये, पाच नंबर तुझा. मी सासरी सगळ्यांना सांगते, माझ्या माहेरी राउटरमध्येसुद्धा माझी जागा आहे म्हणून. तिथे मला अजून पासवर्ड माहीत नाही. फोन दिराच्या हातात द्यायचा, तो स्वतः पासवर्ड घालून देतो. तेसुद्धा त्याला वेळ झाला तर." ती हसली आणि पाणी प्यायली. "तुझा कितवा?"

"मला नंबर नाही."

"तुला कशाला हवा? कायम घरात असलेल्याची जागा कुणी राखून ठेवतं का? निघून गेलेल्याची ठेवतात."

ब्रेकचं मी तिला सांगितलं नाही. नंबर काढल्याचंही नाही. ती बाहेर गेली तशी मी राउटरचं पान उघडलं आणि पाच तिला परत दिला. मग बाकीची पानं धुंडाळून तो ब्रेक शोधला आणि काढून टाकला. जीव अजून शांत होईना, म्हणून चार नंबरचं वॉशिंग मशीनही काढलं. त्या बयेने काय म्हणून राखीव जागेवर बसावं?

नवरा आल्यावर त्याला पुरेपूर झापलं. "बहिणीला एका हाताने जागा देतोस आणि दुसऱ्या हाताने तिचा गळा दाबतोस? आणि वर तिला अभिमान!"

"अगं, पण तुला तर मी कधीच ब्रेक लावला नाही," तो बावळटासारखा म्हणाला. "माझी काय बिशाद?"

दुसऱ्या दिवशी दुकानातून त्याचा फोन आला, मशीन सापडत नाहीये म्हणून. घरी ये आणि बटण दाब, मी म्हटलं. त्याच दिवशी संस्थेतूनही फोन आला. मी कायम झाले. सासूबाईंनी ठेवणीतला जाड टॉवेल माझ्या खोलीत आणून ठेवला.

बेबी चार दिवसांनी गेली. ती गेल्यावर मी पान उघडून पाहिलं. 'बेबीचा फोन' करडा पडला होता. जोडलेला नाही. पण ओळ तिथेच होती, पाच नंबर तिथेच होता. ती बघून माझ्या छातीत पुन्हा तेच जळायला लागलं, पहिल्या दिवसापेक्षा जास्त. कारण मीही कुठूनतरी निघून आलेलीच होते की.

मी माझ्या भावाला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "आपल्या घरच्या राउटरमध्ये माझ्या फोनला नंबर बांधलेला आहे का रे?"

"कसला नंबर?"

मी समजावून सांगितलं. त्याला काही कळलं नाही.

"मला त्यातलं ठाऊक नाही गं," तो म्हणाला. "ते सगळं तुझी वहिनी बघते. पासवर्डही मध्ये तिनेच बदललाय. थांब, तिला विचारतो."

"नको," मी म्हटलं. "तिला काही विचारू नकोस."

"अगं, विचारतो की! त्यात काय एवढं?"

"नको म्हटलं ना," मी ओरडले, आणि फोन ठेवला.