विंचवाच्या नाकातले बोळे

आमच्या घरात उघडं भोक चालत नाही. मोरीची जाळी असो, बंद पडलेला नळ असो की गच्चीवरचा पाइप, मी बोळा मारते. एकदा आमच्या ह्यांच्या बुटात उंदरीण बाळंत झाली होती, आणि हे तो बूट घालून फाटकापर्यंत जाऊन आले आणि मला विचारतात, "मोजा ओला राहिलाय का गं?" त्या दिवसापासून माझं हे व्रतच आहे म्हणा. बोळा मारणं सोपं नसतं. कापड घट्ट वळायचं, आत सारायचं, कालथ्याच्या दांड्याने ठासायचं, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. दिसला तो बोळा कसला!

हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या रविवारी जे झालं त्यात चूक माझी, असं घरातले लोक म्हणतात. घरातले लोक काय, काहीही म्हणतात.

माझी सून दात बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि ही आपल्या कामाच्या जागी बसून कवळ्या घडवते. माझी कवळी तिनेच केलेली आहे. म्हणजे तिच्याशी भांडायचं तेही तिच्याच दातांनी. आणि मी जरा जोरात बोलले की वरची पट्टी सटकून खाली येते. ही सोय तिने मुद्दाम ठेवली आहे, असं माझं ठाम मत आहे.

तर या बाईने भंगाराच्या गोदामातून एक मोटरसायकल उचलून आणली. साधी नव्हे, शर्यतीची, आणि तीही जुनी. मान खाली, शेपूट वर. चालवणाऱ्याने पोटावर पालथं पडून चालवायची. मी तिला विंचू म्हणते. आला तेव्हा अर्धा विंचू टेम्पोत होता आणि अर्धा गोणीत.

"आई, हा उभा राहिला ना, की बघतच राहाल," सून म्हणाली.

"आधी गोणीतून तर बाहेर येऊ दे," मी म्हटलं.

त्यानंतर आमच्या घराची जी दशा झाली ती शत्रूच्या घराची होऊ नये. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या वाटीशेजारी बोल्टांची वाटी. इंजिनाला पेट्रोल पाजणारी ती कार्बुरेटरं तिने माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात लिंबू पिळून उकडायला ठेवली. मी आपली झाकण उचलून मीठ टाकून मोकळी झाले. मग ती बाहेर काढून दात कोरायच्या हत्यारांनी त्यांची बारीक बारीक छिद्रं साफ करत बसली, आणि तोंडाने "आ करा, आ करा" चालूच. पेट्रोलची टाकी लाल रंगवून कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली, ह्यांच्या बनियनांच्या मधोमध. ह्यांचं एक बनियन अजून एका काखेत गुलाबी आहे.

आमच्या चिरंजीवांचं या सगळ्यात एकच काम, टॉर्च धरणे. तीही तो इंजिनावर धरायची सोडून बायकोच्या तोंडावर धरतो.

मी खूप सोसलं. पण एक दिवस भांडी घासायला गेले तर मोरीत रॉकेलच्या टबात चेन भिजत पडलेली, आणि मी तिला काळा दोरा समजून पिळायला घेतली. नेमका त्याच वेळी फाटकाशी भंगारवाला रिकाम्या बाटल्या न्यायला आला होता. मी तशीच काळे हात घेऊन बाहेर गेले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "रविवारी टेम्पो घेऊन ये. माझं जेवण आटपेपर्यंत हा विंचू स्वतःच्या पायाने फाटकाबाहेर गेला नाही, तर उचल आणि घेऊन जा. माझा शब्द आहे."

"कबूल," सून म्हणाली. तेही हसून! त्या हसण्याचं कारण मला नंतर कळलं. दोनच दिवसांनी तिने बटण दाबलं आणि विंचू सुरू झाला. काय तो आवाज! कपाटातल्या बश्या आपोआप पुढे सरकल्या. सून आनंदाने ह्यांच्या गळ्यात पडली. हे म्हणाले, "शाब्बास, पण आता बंद कर, माझे दात हलतायत." ह्यांचे दात अजून स्वतःचे आहेत, म्हणून त्यांना काळजी.

आता माझं ऐका. रविवारच्या आधी टाकीला शेवटचा हात मारायचा म्हणून तिने टाकी पुन्हा काढली आणि कामाला निघून गेली. विंचू मागच्या पडवीत डोकं उघडं टाकून उभा. मी केर काढायला गेले तर काय बघते? टाकीखाली एक काळी डबडी, तिला दोन नाकपुड्या, दोन्ही सताड उघड्या. मागे धूर जायच्या नळ्या, त्याही उघड्या. आणि आदल्याच दिवशी मी पडवीत उंदीर पाहिलेला! म्हटलं, पोरीने एवढी मेहनत केली, आणि उंदरीण आत बाळंत झाली तर? माझा जुना निळ्या फुलांचा गाऊन होता, तो टराटरा फाडला आणि प्रत्येक भोकाला असा बोळा मारला, असा मारला की बघत राहावं. म्हणजे, दिसला असता तर.

संध्याकाळी तिने टाकी बसवली. मी काही बोलले नाही. पंखा पुसला तर आपण कोणाला सांगत फिरतो का?

रविवार उजाडला. भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. पायरीवर बसून चहाही मागून प्याला.

"आजी, जेवण कधी?"

"आजी कोणाची रे? तुझ्या टकलाकडे बघ आणि मग मला आजी म्हण."

सूनबाई हेल्मेट घालून आली. तिच्यासारखे जुन्या गाड्यांचे वेडे त्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानावर जमणार होते आणि हिला तिथे विंचू न्यायचा होता. पालथी पडली, बटण दाबलं. खुर्र, खुर्र, खुर्र, फुस्स. पुन्हा दाबलं. खुर्र, फुस्स.

"झोपेत आहे," चिरंजीव म्हणाले.

"तुम्ही टॉर्च धरा," सून म्हणाली. भर दुपारी.

मी ताट वाढून घेतलं आणि पडवीच्या दारातच बसले. शब्द म्हणजे शब्द, उगाच उशीर कशाला? इकडे तिने प्लग काढला, ठिणगी बघितली. पडत होती. टाकीतलं पेट्रोल बाटलीत ओतून घेतलं, उजेडात धरून बघितलं. स्वच्छ होतं. घोटभर टाकीत परत ओतलं, पुन्हा बटण दाबलं. फुस्स. तिच्या नाकाला ग्रीस, कानाला ग्रीस, आणि आवाज रडवेला.

"मंगळवारी चालू होता हो! पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडतेय. नुसता पितोय आणि गुदमरतोय. जसा काही श्वासच घेत नाहीये."

श्वास म्हटल्याबरोबर माझा घास तोंडातच थांबला.

नाकपुड्या. निळी फुलं. कालथा.

आता खरं सांगते, पहिला विचार माझ्या मनात हाच आला की गप्प बसावं. ताटात दोनच घास उरलेले. ते खाल्ले की पडवी मोकळी, पातेलं मोकळं, मोरी मोकळी. आणि बोलले तर जन्मभर ऐकावं लागणार की सासूने विंचवाच्या नाकात गाऊन कोंबला. मी एक घास खाल्ला. सावकाश चावला.

सूनबाईने हेल्मेट काढलं आणि पायरीवर ठेवलं. "नेऊ द्या, आई," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

अगं! ती भांडली असती, पाय आपटले असते, सासू दुष्ट म्हणाली असती, तर मी तो शेवटचा घासही सुखाने खाल्ला असता. पण ही नुसती ग्रीसच्या हाताने डोळे पुसत उभी. असं कोणी हरतं का? मला जिंकायलाच मजा येईना.

त्यात भंगारवाल्याला अक्कल सुचली. उठून विंचवाच्या चाकाला लाथ मारत म्हणतो कसा, "दात बसवणं निराळं, वहिनी, आणि इंजिन बसवणं निराळं. बायकांनी आपलं जमेल तेच करावं."

मी ताट घेऊनच उठले.

"पाय काढ आधी! आणि बस तिथे पायरीवर."

"पण आजी, तुमचं जेवण तर..."

"हा काय आहे?" मी ताट त्याच्या नाकापुढे धरलं. "घास आहे ना? म्हणजे जेवण चालू आहे. माझं जेवण मी ठरवते, तू कोण?"

स्वयंपाकघरातून चिमटा आणला, विंचवाच्या मागे उकिडवी बसले, नळीत चिमटा खुपसला आणि ओढला. निळ्या फुलांचं कापड सर्रकन बाहेर आलं, जादूगाराच्या टोपीतून रुमाल यावा तसं. सगळे बघत राहिले.

"आई," चिरंजीव म्हणाले, "हा तुझा गाऊन ना?"

"असेल. मी मुद्दाम घातला होता. परीक्षा बघत होते, कोणाला सापडतोय का. एवढे शिकलेले, आणि एकालाही सापडला नाही."

सून माझ्याकडे बघत होती. ती ओरडेल म्हणून मी कवळी जिभेने घट्ट दाबून ठेवली. पण ती एवढंच म्हणाली, "अजून किती आहेत, आई?"

आता आली पंचाईत. बोळे मी मोजून मारत नाही. टाकी काढली, डबडीतून दोन निघाले. दुसऱ्या नळीतून एक निघाला. "झाले," मी म्हटलं. "नक्की?" सून म्हणाली. "नक्की," मी म्हटलं. "गाऊनची शपथ?" मी चिमटा पदराला पुसायला घेतला.

"एक जरी आत राहिला तर इंजिन फुकट जाईल," ती म्हणाली. मग तिनेच डोकं चालवलं. गाऊनचा उरलेला भाग आणायला लावला, पडवीच्या फरशीवर पसरला, आणि निघालेले बोळे उलगडून त्याला जोडायला बसली. तुटलेल्या कवळीचे तुकडे जुळवते तशी. चिरंजीव टॉर्च घेऊन, हे चष्मा सावरत, भंगारवालासुद्धा गुडघ्यावर. "ही फुलं इकडची नाहीत, ही कमरेची आहेत," म्हणून मलाच शिकवतो! माझा गाऊन, आणि हा मला कंबर दाखवतो.

सगळं जुळलं. एक बाही सोडून.

"डावी बाही," सून म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आई, डावी बाही कुठे घातलीत?"

मी डोळे मिटून आठवायला लागले. मोरी? नळ? विंचू? काही आठवेना. तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "निळी फुलं का? चष्मा पुसायला फार छान आहे गं ती." आणि खिशातून बाही काढली.

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा वेळेवर काहीतरी घेऊन आला.

बटण दाबून दाबून विंचवाची बॅटरी बसली होती. चिरंजीवांच्या गाडीला वायरी जोडल्या. सूनबाई पालथी पडली. खुर्र, खुर्र, आणि मग धडाड! काळ्या धुराचा एक लोट थेट भंगारवाल्याच्या तोंडावर, आणि मागोमाग तो आवाज. कपाटातल्या बश्या पुन्हा पुढे आल्या. सून माझ्या कानाशी वाकून ओरडली, "परीक्षेत पास का मी?"

"तोंडी बाकी आहे!" मी ओरडले आणि वरची पट्टी सटकली.

विंचू डरकाळी फोडत फाटकाबाहेर गेला. कोपऱ्यावरून वळला. मी ताटातला घास उचलला आणि भंगारवाल्याच्या डोळ्यात डोळे घालून खाल्ला.

"झालं माझं जेवण," मी म्हटलं. "ये आता."

तो टेम्पोकडे वळला, तोच कोपऱ्यापलीकडचा आवाज बंद झाला. अगदी बंद. मी कान टवकारले. थोड्या वेळाने सूनबाई दिसली, पायी. विंचवाची शिंगं धरून, धापा टाकत, ढकलत येत होती. हे पायरीकडे बोट दाखवून म्हणाले, "अगं, पेट्रोल तर सगळं या बाटलीत राहिलंय."

भंगारवाल्याचा काळा चेहरा उजळला. "आजी! परत आला की पायीच! म्हणजे माझाच!"

"कसा तुझा? फाटकाबाहेर गेला की नाही?"

"गेला, पण..."

"स्वतःच्या पायाने गेला की नाही?"

"हो, पण आता..."

"जाईल म्हणून शब्द दिला होता. येईल असं कोणी बोललं होतं का? तू बोललास? मी बोलले? मग?"

तो विचारात पडला. अशा वेळी माणसाला जास्त विचार करू देऊ नये.

"आता तोंड काय बघतोस? पोर दमली माझी. जा, मागून हात लाव. फाटकाशी चढ आहे, ती एकटी कशी आणेल? आणि बाटली घेऊन जा, पेट्रोल ओत, मैदानावर पोचायचंय तिला."

आणि तो गेला हो! मागून रेटा देत त्याने विंचू चढावर आणला, बाटली ओतली, वर सूनबाईचं हेल्मेटही पुसून दिलं. निघताना ती रिकामी बाटली मी त्याच्याच हातात ठेवली. आमच्या घरातून रिकाम्या हाताने कोणाला परत पाठवायची पद्धत नाही.