एबेन टटलचा उजवा हात

व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून एबेन टटल स्वयंपाकघरात बसला होता आणि त्याची बायको हल्दा त्याला चमच्याने रस्सा भरवत होती. मी दारातच थबकलो.

"या मास्तर, लाजू नका," एबेन म्हणाला. "बाळाची जेवायची वेळ झालीये."

"लांबच बसा," हल्दा म्हणाली. "बाळ चावतं."

मी त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, गावच्या शाळेत मास्तर. खेळातलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं; आजही कळतं असं छातीठोकपणे सांगवत नाही. पण त्या वर्षी किनफील्डमध्ये बेसबॉल टाळून राहणं शक्य नव्हतं. आमचं गाव हातमोज्यांवर जगायचं. पुरुष कारखान्यात कातडी कापत, बायका घरी खिडकीजवळ बसून मोजे शिवत. कारखानदारांनी मिळून पगारी खेळाडूंचा संघ उभा केला होता. बाकीचे खेळाडू बाहेरून आणलेले, गावचा असा एबेन एकटा. तो फलंदाजाच्या मागे उभा राही. आमच्या गोलंदाजाने, डिनी कॉग्रीव्हने, जीव खाऊन फेकलेला चेंडू फलंदाजाकडून निसटला, की तो उघड्या हातांनी धरणं हे त्याचं काम. मोजा घालून खेळणं बायकी समजलं जाई, आणि हातमोज्यांचं गावही त्याला अपवाद नव्हतं.

सप्टेंबर संपत आला तेव्हा आम्ही आणि कालव्याकाठचं ऑस्टर्विल बरोबरीत होतो. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जो जिंकेल त्याचा अजिंक्यपदाचा झेंडा.

हल्दा झेंड्याबद्दल बोलत नसे. तिचं सगळं लक्ष एबेनच्या उजव्या अंगठ्याकडे होतं. तो दोनदा मोडून कसाबसा जुळला होता, आणि पुन्हा मोडला तर वाकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एबेनचं वय झालं होतं. पुढच्या हंगामात त्याला कोणी घेणार नव्हतं. त्याला परत कारखान्यात कातडी कापणाऱ्याच्या मेजावरच जायचं होतं. ओलं कातडं ओढताना ते कुठे किती ताणलं जाईल, हे कापणारा अंगठ्यानेच ओळखतो. तो अंगठा गेला तर कारखान्यात झाडू मारण्याचं काम उरतं.

म्हणून तिने गुपचूप एक मोजा शिवला. लांबून दिसू नये म्हणून अंगाच्या रंगाचं कातडं घेतलं, तळव्यात लोकर भरली, बोटांची टोकं मोकळी ठेवली. सामन्याच्या आधल्या दिवशी जेवण झाल्यावर तिने तो एबेनसमोर ठेवला. त्याने बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग हात घालायला गेला, तर मोजा पेरांच्या पुढे सरकेचना.

"कातडं आटलं असेल," तो म्हणाला.

"माझं कातडं आटत नाही."

आमच्याकडे लग्न ठरलं की मुलगी नवऱ्यासाठी मोजे शिवते आणि त्याच्या हाताचा कागदी साचा जन्मभर जपून ठेवते. हल्दाने तोच साचा काढला होता. सरळ, लांब बोटांचा. तिने एबेनचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. एक बाहेर वळलेलं, एक पेराशी गाठ आलेलं, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

"रोज बघते, रोज पुसून देते," ती म्हणाली. "आणि माप घेतलं लग्नातलं."

"मलाही तो तसाच वाटतो गं," एबेन म्हणाला. "चेंडू आला की कळतं."

तिने नवा कागद मेजावर पसरला, त्यावर त्याचा हात ठेवला आणि पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक वळणावर ती थांबत होती. मी पुस्तकात तोंड खुपसून बसलो होतो, पण पान काही उलटलं नाही.

रात्रभर जागून हल्दाने नव्या मापाचा मोजा शिवला. सामन्याला मी तिच्याशेजारी बसलो. ऑस्टर्विलच्या लोकांना मोजा दिसायला वेळ लागला नाही. टटलबाईंची भांडी घासून झाली का, अशी कुणीतरी एबेनकडेच चौकशी केली. कुणी त्या 'बाईं'साठी नवरा बघायला निघालं. आपली माणसंही हसत होती. डिनीसुद्धा पाठ फिरवून हसला. एबेनने मोज्याच्या हाताने नसलेला घागरा उचलल्यासारखं करून गुडघ्यात वाकून नमस्कार केला. हल्दा इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचा एक गडी बाद व्हायचा बाकी होता आणि एक जण धाव पुरी होते त्या 'घरा'च्या अगदी जवळ येऊन उभा होता. डिनीने चेंडू फेकला, तो बॅटला नुसता चाटून मागे गेला. तेव्हाच्या नियमाने असा चेंडू मागच्याने वरच्यावर झेलला, की फलंदाज बाद. चेंडू बरोबर एबेनच्या मोज्यात आला, आणि नव्या, ताठ कातड्यावरून उडून खाली पडला.

सगळं मैदान हळहळलं. एबेनने चेंडू उचलून डिनीकडे टाकला. मग तो सरळ उभा राहिला आणि आमच्या दिशेने पाहू लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोजा काढू का, विचारतोय," हल्दा म्हणाली. "इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं."

"मग नाही म्हणा."

"म्हटलं तर ऐकेल ना तो. तीच तर पंचाईत आहे, मास्तर."

आमच्या गावात बाई चारचौघांत उघड्या हातांनी बसत नसे; घरी शिवलेल्या मोज्यांना कमीपणा येतो असं मानत. हल्दाने आधी आपला डावा मोजा काढला. उजव्याचं एकेक बोट ओढत तिने तोही काढला, आणि दोन्ही उघडे हात समोरच्या कठड्यावर ठेवले.

एबेनने आपला मोजा काढून पट्ट्यात खोचला आणि खाली वाकला.

पुढचा चेंडूही बॅटला चाटून गेला. त्याचा आवाज आला, आणि लगेच दुसरा एक, बारीक. एबेन दोन्ही हात छातीशी धरून गुडघ्यावर बसला होता. पंचाने जवळ जाऊन वाकून पाहिलं आणि बाद दिलं. चेंडू हातातच होता. हल्दाने डोळे मिटून घेतले होते.

मग बँड वाजायला लागला. संघाला मधे घेऊन सगळं गाव मोठ्या रस्त्याने निघालं. एबेनचा उजवा हात कोटाच्या आत होता. तो हसत होता, पण ओठ पांढरे पडले होते. चौकात कारखान्याच्या मालकांनी त्याला गाठलं आणि हात पुढे केला. एबेनचा खांदा हलला. तो हात बाहेर काढायच्या आत, त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या हल्दाने आपला उघडा हात मालकांच्या हातात दिला.

मालक गोंधळले. मग त्यांनी हॅट काढली आणि तिच्याशी हस्तांदोलन केलं.

त्यांच्यामागे खाटीक आला, मग डिनी, मग ऑस्टर्विलचा कप्तान. बघता बघता रांग लागली. ती प्रत्येकाला एवढंच म्हणायची, "हो, जिंकलो आम्ही." तिची बोटं लाल झालेली पाहून मी म्हटलं, आता पुरे, थोडं थांबा.

"माणसं उभी आहेत, मास्तर," ती म्हणाली, आणि तिने पुढच्यासाठी हात पुढे केला.