वाड्यावर कोण थांबणार

माझ्या पासपोर्टावर जन्मतारीख एक जानेवारी आहे. आधार कार्ड काढताना तिथल्या माणसानं विचारलं, "आजी, जन्म कधीचा?" मी सांगितलं, "मेंढ्या कातरायच्या दिवसांतला." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि एक जानेवारी टाकून दिली. माझा मुलगा सूर्यभान एक जूनचा, कारण त्याच्या गुरुजींनी वर्गातल्या सगळ्याच पोरांना एक जून लावला होता. तारखा काही का असेनात, पासपोर्ट खरा आहे. आला त्या दिवसापासून मी तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलाय.

मी कस्तुराबाई, मूळची पिशोरकडची. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, उरलेलं निम्मं हर्सूलला मुलाच्या घरात चाललंय. लिहायला प्रौढांच्या वर्गात शिकले, तेही पहिल्या रांगेत बसून. माझा नातू आफ्रिकेत झांबिया नावाच्या देशात, लुसाका शहरात औषधाच्या कारखान्यात नोकरीला आहे. दीड वर्षापूर्वी बायको आणि तान्ही लेक घेऊन गेला. त्याचं नाव भिकन, म्हणजे त्याच्या आजोबाचंच. मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही, म्हणून त्याला 'दादा' म्हणते. लिहायला काय, हरकत नाही.

तर आम्ही त्याच्याकडं जायचं ठरलं. सूर्यभान, त्याची बायको बानाबाई आणि मी. आणि जातच आहोत तर तिथला तो जगप्रसिद्ध धबधबाही बघायचा, असं त्या वेळी पुढं आलं. भिकननं फोनवर सांगितलं होतं की पाणी अर्धा कोस रुंद कड्यावरून पडतं, तिथले लोक त्याला गडगडणारा धूर म्हणतात, आणि समोर उभं राहिलं की माणूस पाऊस नसताना नखशिखांत भिजतो.

हे ऐकलं आणि बानानं शहागंजातून मेणकापड आणलं. ती घरी शिवणकाम करते. तिनं दोन रेनकोट शिवले, एक नवऱ्याला, एक स्वतःला. स्वतःच्या टोपीला तिनं निळी किनार लावली. पन्नाशीतली बाई, पण किनार लावताना गुणगुणत होती.

दोनच का शिवले, ते मला रविवारी संध्याकाळी कळलं.

सूर्यभान जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळं घरातला कुठलाही बेत तो वहीत लिहितो आणि हजेरी घेतल्यासारखा वाचून दाखवतो. रविवारी चहा झाल्यावर त्यानं वही उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटं काढायची होती.

"दिवाळीच्या सुट्टीत जायचं. मधले तीन दिवस धबधबा. लुसाकाहून गाडीनं सात तास. जाणार मी, बाना, भिकन आणि सूनबाई. आई बबीजवळ घरी."

बबी माझी पणती. आता दोन वर्षांची झालीय.

"मी का घरी?" मी विचारलं.

"बबीला गाडी लागती, आई. सात तासांत पोरगी हैराण व्हईल. अन् हितं असताना तुझ्याजवळ ती कशी गप ऱ्हायची! दुसऱ्या कुणाला जमायचं नाय."

हे वाक्य मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलेलं होतं, फक्त तेव्हा त्यात कोकरं होती.

आम्हा मेंढपाळांचा मुक्काम पडतो त्याला आम्ही वाडा म्हणतो. भिंती नाहीत, दारं नाहीत. जाळीचं कुंपण, चार-पाच बिऱ्हाडं आणि मेंढरं. बाजाराचा दिवस आला की सगळे बाजाराला जायचे आणि कोकरं राखायला एक बाई वाड्यावर थांबायची. ती बाई मी. धाकटी जाऊ होते म्हणून पहिल्यांदा थांबले. मग मोठ्या जावा म्हणायला लागल्या, "कस्तुरालाच कोकरं ओळखत्यात. दुसरीजवळ ऱ्हायची नायत." मी फुशारून जायची. चार वर्षं गेल्यावर कळलं की कौतुकाची पण दावण असते.

एका वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला आमचा वाडा फर्दापूरच्या पडीक रानात बसला होता. सगळे लेण्यांमागचा धबधबा बघायला गेले. संध्याकाळी परत आले ते भिजून, हसत, एकमेकांची खोड काढत. मालकांनी मला हात वर करून दाखवलं, एवढ्या उंचावरून पाणी पडतं, असं. मी भाकरी थापत बघितलं. धबधबा मी एवढाच पाहिलाय, नवऱ्याच्या हाताएवढा.

आणि आता जगातल्या एवढ्या मोठ्या पाण्याच्या सात तासांवर जाऊन मी पुन्हा कोकरू राखायचं? पोरं परत येऊन मला हात वर करून दाखवणार? ते मला चालणार नव्हतं. पण रडून-रुसून काही मागायची मला सवय नाही. राग आला की मी प्रश्न विचारते.

"तिकडं पाऊस कधी पडतो?" मी म्हणाले.

"आता पावसाचं काय मधीच?"

"वाडा हलवायच्या आधी तुझा बाप एक माणूस पुढं धाडायचा, पाणी बघून यायला. पाणी न बघता मेंढरू हलवलं नाय कधी. तू कुणाला इचारलं का?"

सूर्यभान हसला. शिक्षक हसतात तसं. "आई, दिवाळीला वढे-नाले तुडुंब असत्यात. जायकवाडीचे दरवाजे कधी उघडत्यात? गणपतीच्या पुढं-मागं. पावसाळा सरला की धबधबा भरात. म्हणून तर दिवाळी धरली."

"ते आपलं झालं. तिकडलं सांग."

सूर्यभाननं पेन वहीवर ठेवलं. बाना हसू दाबत कपबश्या उचलायला लागली. मी म्हणाले, "दादाला फोन लाव."

भिकन फोनवर दिसला. मांडीवर बबी होती, तोंडाला वरणभात. मी सरळ मुद्द्याला हात घातला.

"दादा, तिकडं पाऊस कधी?"

"नाताळाच्या महिनाभर आधी धरतो, आजी. मार्चपर्यंत पडतो."

"मग दिवाळीत काय असतं?"

"दिवाळीत? लई ऊन. सगळ्यात वंगाळ दिवस. रान वाळून कोळ झालेलं असतं."

"अन् तुझा धबधबा?"

भिकन अजून तिकडं गेला नव्हता. आई-बापाबरोबर जाऊ म्हणून थांबला होता. त्यानं फोनमध्येच काहीतरी शोधलं, वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "आयला. पप्पा, दिवाळीच्या सुमाराला आपल्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा असतो म्हणं. नुसते दगड. खरं पाणी एप्रिल-मेमध्ये."

सूर्यभाननं कपाळावर हात मारला. "दक्षिण गोलार्ध," तो पुटपुटला.

"सातवीच्या पोरांना हेच शिकवतोस ना?" मी म्हणाले. "परीक्षेत इचारत पण असशील. पाच मार्काला."

मग काय, घरात एकच हशा. बाना तर पदर तोंडाला लावून हसत होती. सूर्यभान चांगला मुलगा आहे, चूक झाली की लगेच कबूल करतो. त्यानं वहीतली दिवाळी खोडली आणि उन्हाळ्याची सुट्टी लिहिली. मे महिना.

"वाचलो," तो म्हणाला. "तू नसतीस तर दगडं बघून आलो असतो, आई."

"पाणी मी दाखवलं," मी म्हणाले. "ज्यानं पाणी दाखवलं तो पुढं चालतो. मी येणार धबधब्याला."

"मग बबीजवळ कोण?"

आणि मी पटकन बोलून गेले. आजही ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मी म्हणाले, "बाना थांबंल की. तिच्याजवळ बबी कशी गप ऱ्हायची!"

बानाच्या हातात कपबश्या होत्या. ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली. सूर्यभाननं वहीत तिचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. ठरलं. मी जिंकले होते. त्या आनंदात मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर शिलाई मशीन चालू होतं. बाना एवढ्या सकाळी मशीनवर कधी बसत नाही. तिच्या पुढ्यात तो रेनकोट होता, निळ्या किनारीचा. खालचा भाग उसवून तिनं आत दुमडला होता.

"काय करतीस?"

"तुमच्या मापाचा करते, आत्याबाई. तुमची उंची कमी. खालून चार बोटं आत घेतली की बसंल. गळा पण जरा आवळते, तुम्हाला गार सोसत नाय."

आवाजात राग नव्हता. रुसवा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. तिनं नुसतं मान खाली घालून दोरा दातानं तोडला.

मला माझी लाज वाटली. साधीसुधी नाही, कान गरम होतील एवढी. रात्रीच्या तिच्या 'बरं'ची मला चांगली ओळख होती. फर्दापूरला ते मीच म्हणाले होते. मोठ्या जावांचं वाक्य मी जपून ठेवलं होतं आणि सापडलेल्या पहिल्या बाईच्या गळ्यात घातलं होतं. तीस वर्षं ही बाई ह्या घरात आहे. ह्या तीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं, आणि ते आपण कधी विचारलं का, हेही आठवत नव्हतं.

"उसव," मी म्हणाले.

"व्हय? लांबी बरोबर हाय की."

"सगळी शिलाई उसव. तुझ्या मापाची कर. मला माझं घोंगडं हाय. बिरोबाच्या जत्रेतलं, अजून एक थेंब आत येत नाय त्याच्यातून."

"आन् बबी?"

मी तिच्यासमोर पाटावर बसले. काही गोष्टी उभ्यानं सांगून होत नाहीत.

"बाना, बाजाराला जाताना वाड्यावर बाई ठेवायचो आम्ही. पण वाडा हलायचा तेव्हा? तेव्हा मागं कोण ऱ्हायचं?"

ती मेंढरं असलेल्याच घरातली. तिला माहीत होतं. "कुणीच नाय," ती म्हणाली. "कोकरं झोळीत, घोड्यावर."

"कोंबड्या टोपल्यात. म्हातारी घोड्यावर. दोन दिवसांची बाळंतीण पण वाटंला लागायची. मग आपण समुद्र ओलांडून चाललो, हा काय पिशोरचा बाजार हाय? वाडा हललाय. मागं कुणी ऱ्हायचं नाय. कोकरू झोळीत."

सूर्यभान दात घासत दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. तोंडातला फेस थुंकून आला आणि म्हणाला, "आई, पोरीला गाडी लागती. सात तास—"

"सातचे दहा लागतील. कोकराला पण झोळीत मळमळतं. मळमळलं की थांबायचं, खाली उतरवायचं, चार पावलं चालवायचं, मग पुढं. चारशे मेंढरं असली चालवलीत मी, एक पोरगी चालवू शकत नाय? पहाटं निघू, मधी मुक्काम करू. बबी माझ्या मांडीवर, घोंगड्यात. दादाला सांग मोठी गाडी बघ."

"मग तीनचे चार दिवस हुतील."

"हुंदे. मे महिन्यात तुझी शाळा हाय का?"

तो वही घेऊन आला आणि मशीनच्या कडेवर ठेवून लिहायला लागला. धबधबा, चार दिवस. जाणार कोण, ह्याच्या पुढं खाडाखोड एवढी झाली होती की त्यानं नवीन पान घेतलं आणि एकच शब्द लिहिला. सगळे. मग मला वाचून दाखवला, त्याच्या सवयीनं, मोठ्यानं.

बाना कात्रीच्या टोकानं टाके काढत होती. आत घेतलेली चार बोटं मोकळी होत होती. ती कोट झटकून उभी राहिली, अंगाला लावून बघितला, टोपी डोक्यावर ओढली. निळी किनार कपाळावर आली. तिनं आरशात बघितलं नाही. ती आमच्या दोघांकडं बघून म्हणाली, "गाडीत खिडकीची जागा मात्र मला पायजे."

सूर्यभाननं वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लिही," मी म्हणाले. "खिडकी बानाबाईची. नावानिशी लिही."