जैबुनबीच्या दोन टोपल्या

तोंडं मी इसरते, हात नाई इसरत. मी जैबुनबी, बाभुळगावची बांगडीवाली. वीस-बावीस वर्सं झाली, डोक्शावर टोपली घेऊन खेडोपाडी फिरून राह्यली. कोनाच्या अंगठ्याचं हाड आडवं येते, कोनाचा हात बाळंतपनानंतर सुजला, मले सारं पाठ हाय. बाईचा हात हातात घेऊन दाबल्याबिगर बांगडी चढत नाई. म्हनून मी मोठ्या तोऱ्यात सांगत जाय, आमच्या धंद्यात जातपात नाई. थू त्या तोऱ्यावर! लोकायले सांगता सांगता मले बी ते खरं वाटाले लागलं होतं.

दोन कोसावर एक गाव हाय. नाव नाई सांगत, उगाच कायले कोनाचं नाक कापू? त्या गावात माह्या जीवाच्या दोन बाया. एक विमलताई, पाटलाच्या घरची मोठी सून. दुसरी मथुराबाई, डोमाजीची बायको, गावाच्या खालच्या अंगाले राहे, तवाच्या महारवाड्यात. दोघीयच्या लग्नातले चुडे मीच भरले. विमलताई मले जीव लावे. मथुराबाई माह्यासंगं भांडे. खरं सांगू? मले भांडनारीच जास्त आवडे. तिचं माह्यासारखंच होतं, तोंडात आलं का बाहेर.

छप्पनच्या दसऱ्याले डोमाजी नागपूरले गेला आन् पांढरे कपडे घालून वापस आला. घरातले देव नाल्यात सोडले. सारी वस्ती बौद्ध झाली. मेलं ढोर ओढनार नाई, फुकटची गावकी करनार नाई, असं त्यायनं ठरवलं. माघात पाटलाचा बैल मेला, तीन दिवस गोठ्यामागं पडून राह्यला. झालं! गाव खवळलं. वस्तीतल्या मानसाले वावरात काम नाई, दुकानात मीठ नाई, विहिरीवरून त्यायच्या घागरीत कोनी पानी वाढाचं नाई. बिचाऱ्या बाया नाल्यात झिरे खोदून वाटी-वाटीनं पानी भरत.

आमचे मियाँ निजामुद्दीन म्हने, "जैबुन, आपल्याले काय करायचं? आपन ना तिकडचे ना इकडचे. बांगड्या इक आन् घरी ये." मले पटलं. म्हनलं, भांडतीन, थकतीन, आपोआप गोड होतीन. पन कायचं काय! विमलताई मले हळूच इचारे, "मथुरेचं कसं चाललं?" मथुराबाई इचारे, "विमलताईचा गुडघा दुखते का अजून?" आन् दोघी बी वरून बजावत, "मी इचारलं म्हनून सांगू नको हं." मधल्या मधी माह्या डोक्शाले ताप.

वैशाखात पंचफुलाचं लग्न निघालं. मथुराबाईची एकुलती एक लेक, माह्या मांडीवर खेळलेली. नव्या धर्माचं त्या गावातलं पयलंच लग्न. ना हळद, ना भटजी, ना बाशिंग. पन हिरवा चुडा मथुराबाईले पाहिजे होता. तिनं निरोप धाडला, "लेकीचा हात तुह्याच हातात देईन." माय वं, मले असं भरून आलं! मी यवतमाळले जाऊन हिरव्यागार बांगड्या आनल्या, वरून सोन्याची बारीक रेघ. माह्याकडून पोरीले.

आता माह्या धंद्याची रीत आयका. माह्यापाशी दोन टोपल्या. एक मोठी, लाल फडक्याची. नवा माल तिच्यात. दोऱ्यात बांधलेल्या बांगड्यायची पयली माळ पाटलाच्या ओसरीवर सुटे, मंग उतरत उतरत सारं गाव. दुसरी लहान टोपली, ते वस्तीची. गावातून उरलेलं, जोड न जुळलेलं, एक गर्द हिरवी त एक फिकी, ते सारं तिच्यात जाय आन् शेवटी, विमलताईकडं लोटाभर पानी पिऊन, मी खाली उतरे. मोठी टोपली वस्तीत उघडली का गावातल्या बाया तिच्यातलं घेत नसत. हे रीत मले माह्या सासूनं देली. काहून असं, हे मी कधी इचारलं नाई.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच निघाली. मोठी टोपली डोक्शावर, लहान कमरेवर. हौस एवढी, का पयले वस्तीतच गेली. मथुराबाईच्या आंगनात मांडव घालून राह्यले होते. मी बसली, पंचफुलाले जवळ ओढलं, टोपली उघडली. "पाय वं मथुरा, काय आनलं!"

मथुराबाई पाहूनच राह्यली. बांगड्यायकडं नाई, टोपलीकडं.

"जैबुन, हे कोनती टोपली?"

तवा माह्या ध्यानात आलं. एवढ्या हौसेनं आनलेला नवाकोरा माल मी लहान टोपलीत भरला होता. वस्तीत जायचं म्हनजे लहान टोपली, माहा हात आपोआप तिच्याकडंच गेलता.

"अवो, टोपली काय पायतं? बांगड्या यवतमाळच्या हायेत!"

"बांगड्या सोन्याच्या का असंना. या टोपलीतून माह्या सासूनं भरल्या, मी भरल्या. माही लेक नाई भरनार."

"म्हनजे मी दुश्मन झाली तुही?"

"दुश्मनाले आंगनात बसू देली असती काय? तू माही हाय, म्हनून त बोलून राह्यली. मोठी टोपली उघड. नाई त पोरगी उद्या रिकाम्या हातानं उभी राहीन."

पंचफुलानं पुढं केलेला हात हळूच पदराखाली घेतला. ते पाहून मले रागच आला. म्हनलं, बह्याड झाल्या का काय ह्या बाया! टोपल्या उचलल्या आन् तरातरा निघाली.

नाल्यापाशी बाभळीखाली दम खायले बसली. मोठी टोपली वस्तीत उघडली त पाटलाचं घर गेलं, आन् त्याच्यामागं चाळीस घरं. आमच्या चुलीवर काय शिजन मंग, बांगड्या? नाई उघडली त मथुराबाई गेली. राग उतरत गेला, तसं भलतंच आठवाले लागलं. मथुराबाईच्या लग्नात मी तिचा चुडा भरला, तवा ते पंधरा-सोळा वर्साची पोट्टी होती. हात समोर धरून हळूच म्हनली होती, "बाई, दोन्ही हात सारखे नाई दिसत." आन् मी हासली होती. "नवऱ्याले कुठी दिसते ते!" असं म्हनून हासली होती मी, या खुदा!

सारे म्हनतात छप्पन सालानं गाव फुटलं. खोटं हाय ते. फूट त मीच वीस वर्सं डोक्शावर घेऊन फिरून राह्यली होती, गल्लीगल्लीत, वरून फडकं झाकून.

मी वापस गेली. आंगनात बसली आन् मोठ्या टोपलीचं लाल फडकं सोडलं. मांडव बांधनारे मानसं बी थांबले. कोरी हिरवी माळ दातानं तोडली आन् पंचफुलाचा हात हातात घेतला. नरम हात, पन घामेजला होता. दाबत, फिरवत, एक एक करून दोन्ही हात भरले. दोन्ही सारखे. एक बी बांगडी वाढली नाई, टिचली नाई.

पोरगी सवयीनं बांगड्यायच्या पाया पडाले वाकली, आन् मधातच थांबून मायकडं पाहू लागली. देवाधर्माचं सारं सोडलं होतं ना त्यायनं. मथुराबाई म्हनली, "बांगड्यायच्या नको पडू. मावशीच्या पड."

मी उठली आन् सरळ पाटलाकडं गेली. खबर माह्या आधी पोचली होती. विमलताई ओसरीवर उभ्या होत्या.

"पयली माळ सुटली?"

"सुटली."

"कोनाच्या हातात?"

खोटं बोलता आलं असतं. त्यायनं मानलं बी असतं, मानायचंच होतं त्यायले. पन मी म्हनलं, "पंचफुलाच्या."

विमलताईनं मागं घराकडं पाह्यलं. मंग दोन पायऱ्या उतरून जवळ आल्या. "जैबुन, घरात मी एकटी नाई वं. आता ओसरीवर नको येऊ." डोळे भरले होते त्यायचे. मले राग बी आला आन् दया बी आली. एवढी मोठी पाटलीन, आन् स्वताच्या दोन हातायवर तिची सत्ता नाई.

मी टोपली उचलली तवा त्यायनं इचारलं, "पोरगी कशी दिसते?"

"तुमी लग्नात दिसत होत्या तशी."

त्या रडता रडता हासल्या आन् आत गेल्या. दार आतून लागलं. त्याच्यापुढच्या घरी गेली, ते बी दार लागलं. तिसऱ्या घरी मी गेलीच नाई.

भर दुपार झालती. बाभुळगावची वाट वस्तीवरूनच होती. मांडवापाशी आली आन् पायच चालेनात. आंगनात मटकन बसली. मथुराबाई धावत आली.

"देलं हाकलून?"

"हौ."

"मंग? काय करशीन आता?"

"मले काय माईत! डोकसं नको खाऊ." घसा सुकून जीभ टाळूले चिकटून राह्यली होती. "मथुरा, पानी दे वं."

मांडवातल्या बाया एकमेकीकडं पाहू लागल्या. मथुराबाई होती तिथंच उभी राह्यली. मले कळेना, काय झालं असं. मंग माहं मलेच कळलं, आन् लाजेनं मान वर करवेना.

तिनं घागरीतून लोटा बुडवून आनला, माह्या पुढ्यात बसली आन् लोटा धरून म्हनली, "वीस वर्सं या उन्हात येऊन राह्यली तू. तुले आजच तहान लागली काय वं?"