दाराची उजवी चौकट

गुरुवार-शुक्रवार, दोन दिवसांत चाळीस दारं. एकट्याने. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तोंडात बोट घालेल. आणि मी गाढव, शुक्रवारी घरी येऊन बायकोसमोर फुशारक्या मारत होतो, की एकाही दारावर ओघळ नाही म्हणून.

काम नगरपालिकेचं होतं. तिथल्या कारकुनाने हातात एक कागद ठेवला, नुसते गल्ल्या आणि घरांचे नंबर. दाराच्या उजव्या चौकटीवर, डोळ्यांच्या उंचीला, तळहाताएवढा पिवळा चौकोन काढायचा.

"नावं नाहीत का?" मी सहज विचारलं.

"तुम्हाला दारं रंगवायचीत की लग्नं जमवायचीत?" तो म्हणाला. तो हसला. हो, मीपण हसलो.

मला वाटलं, मोजणीबिजणी असेल. सरकार बदलल्यापासून रेडिओवर यहुद्यांच्या नावाने रोज काहीतरी चालायचं, ते लागलं की मी आवाज बारीक करायचो. आपल्याला काय करायचंय, म्हणायचो. रंगात हार्डनर घातला, म्हणजे एकदा बसला की चौकट जाईल पण रंग जाणार नाही. दोन हात मारले. एका म्हाताऱ्या बाईने मला पाणी दिलं आणि खूण कशाची म्हणून विचारलं. "काही नाही हो आजी, सरकारी काम," मी म्हटलं. ती चौकोनाकडे बघत राहिली. मग रिकामा पेला घेऊन आत गेली.

आता खरं लाजिरवाणं सांगतो. त्या प्रत्येक चौकटीवर एक डबी होती. बोटाएवढी, जराशी तिरकी ठोकलेली. कुठे पितळी, कुठे लाकडी. तिच्यावर शिंतोडा उडू नये म्हणून मी आधी कागदी चिकटपट्टी लावायचो आणि मग ब्रश उचलायचो. दुसऱ्याच्या वस्तूवर थेंब पडता कामा नये, हे मास्तरांचं शिकवणं. रंग नीट वाळू दे, सोमवारी येऊन पट्ट्या काढू, असं ठरवून घरी आलो. चाळीस डब्या, चाळीस पट्ट्या, आणि माझ्या टाळक्यात काही म्हणता काही शिरलं नाही!

ज्यांनी मला ब्रश धरायला शिकवलं ते मास्तर यहुदीच. बारा वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या घरी जायचो आणि आम्ही बरोबर कामाला निघायचो. बाहेर पडताना ते चौकटीवरच्या अशाच डबीला बोटं लावायचे आणि मग ती ओठांना. आत काय आहे म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, "देवाचे शब्द. माणूस विसरतो रे, म्हणून दारातच ठेवायचे." दोन वर्षांपूर्वी ते मुलीकडे राहायला गेले. येतो एकदा भेटायला, येतो, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. नवा पत्तासुद्धा विचारला नाही.

दर रविवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत मी मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगतो. त्या रविवारी मिसर देशाची पाळी होती. योसेफाने त्या देशाला दुष्काळातून तारलं, पण पुढे त्याला न ओळखणारा राजा आला, योसेफाच्या लोकांना त्याने गुलाम केलं आणि शेवटी रथ-घोडे सगळं समुद्रात घालवलं. "राज्य कशाने बुडतं?" मी विचारलं. "विसरल्याने!" पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मग मी त्या लोकांच्या सुटकेची रात्र सांगितली. ज्या दारांच्या चौकटींवर त्यांनी कोकराच्या रक्ताची खूण केली होती, ती घरं सोडून मरण पुढे गेलं.

माझी भाची पहिल्या बाकावर असते. तिने हात वर केला.

"मामा, माझ्या मैत्रिणीच्या दारावर तूच खूण केलीस ना? पिवळी?"

"हो, मीच."

"ती वेडी रडत होती. म्हणे, उद्या सकाळी गाड्या येणार आणि खुणेच्या घरातल्या सगळ्यांना घेऊन जाणार. मी म्हटलं, रडतेस काय, ती माझ्या मामाने केलीय, खुणेची घरं वाचतात. वाचतात ना?"

"सगळ्यांच्याच दारांवर आहे का गं खूण?" मी विचारलं.

"नाही. फक्त यहुद्यांच्या."

अरे देवा! अरे देवा, काय करून बसलो मी! पोरांना तसंच टाकून मी पळत सुटलो. गाडीत थिनरचा डबा होता, खरवडणी होती. पहिल्या दारावर हात दुखेपर्यंत घासलं. रंग तसूभर हलला नाही. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर तेच. इतकं पक्कं काम मी जन्मात केलं नव्हतं.

चौथं दार मी हात लावायच्या आतच उघडलं. दारात मास्तर उभे. खूप वाळले होते. त्यांच्या मागे बोळात बांधलेल्या पिशव्या आणि भिंतीला टेकून त्यांची मुलगी, जावई, नातवंडं.

"मास्तर, तुम्ही इथे?"

"खिडकीतून बघत होतो तुला गुरुवारी. समोरच्या दाराशी पाठमोरा होतास, तरी ओळखलं. वरचा डावा कोपरा तू अजून आधी काढतोस."

"मग हाक का नाही मारलीत? एक हाक मारायची होती!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "डबीवर इतकी जपून पट्टी लावलीस. म्हटलं, म्हणजे याला सगळं माहीत आहे आणि माहीत असून करतोय." मग म्हणाले, "तुझी भीती वाटली रे मला."

मास्तरांना माझी भीती! मी हात जोडले, रडलो, म्हटलं मला काही माहीत नव्हतं, नुसते नंबर होते. गाडी बाहेर उभी आहे, डोंगरापलीकडे बायकोचं माहेर आहे, आत्ताच्या आत्ता निघू. मुलगी मान हलवत होती, नको बाबा, नको जायला याच्याबरोबर. मास्तर माझ्या हातांकडे बघत राहिले.

"आधी ती पट्टी काढ," ते म्हणाले. "खुणेजवळ हात लावाल तर याद राखा, अशी नोटीस आलीय. तीन दिवस हात लावला नाही मी."

मी नखाने पट्टी सोडवली. डबीवर रंगाचा एक थेंबही नव्हता. मास्तरांनी तिला बोटं लावली, ओठांना लावली आणि पिशवी उचलली.

शिडी आणि डबे रस्त्यावर टाकले, तेव्हा कुठे गाडीत नऊ माणसं मावली. रात्रभर गाडी चालवली, तरी सोमवारी उजाडायच्या आत माझी दुसरी खेप झाली नाही. उरलेली एकोणचाळीस दारं मीच रंगवली होती.