धोंडुआक्कांचं न उघडणारं पान

धोंडुआक्कांनी कीर्तन थांबवायचं ठरवलंय, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. कसबा बावड्यातल्या आमच्या भजनी मंडळाची बैठक सुटली होती. मी सतरंजी गुंडाळत होते आणि आक्का टाळ पिशवीत ठेवत होत्या.

"क्रांती, पुढच्या बैठकीत सांगून टाकते सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "आता तुझ्याशेजारी बसून ऐकीन."

"का हो आक्का? गळा तर चांगला हाय की."

"गळा हाय. बोलावणं न्हाय."

खोटं नव्हतं ते. एरवी दिवाळी झाली की आक्का घरी सापडायच्या नाहीत. आज या गावचा सप्ताह, उद्या त्या गावचा. यंदा मात्र त्यांच्या नावावर एकही तारीख नव्हती. "देव सांगतोय, बाई पुरे कर आता," असं त्या म्हणाल्या. गिरणी आज बंद आहे असं सांगावं तशा आवाजात. मला मात्र गलबलून आलं. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी त्यांचं कीर्तन ऐकतेय. संतांची गोष्ट अगदी रंगात आलेली असते आणि आक्का मध्येच थांबून पुढं बसलेल्या एखादीला विचारतात, "भाकरी टाकून आलीस का गं, का तशीच पळालीस?" सगळा मांडव हसतो. त्या हसण्यातच डोळे कधी भरून येतात ते कळत नाही. त्या माणसाला कुणी बोलवत नाही, हे मनाला पटेना.

त्याच आठवड्यात भाचीच्या बारशाला माहेरी गेले. माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याला. जेवणं झाली आणि माझा भाऊ सयाजी देवळाच्या पायरीवर सप्ताह कमिटीच्या दोघांना घेऊन बसला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर आमच्याच मंडळाची वेबसाइट उघडलेली. ती आमच्या अमरसिंहनं केलेली. त्याचा बावड्यात फोटो स्टुडिओ आहे. जिल्ह्यातल्या कीर्तनकारांचं एकेक कार्ड त्यानं तिथं टाकलंय. फोटो, नाव, गाव, फोन नंबर, सगळं एकाच चित्रात बसवलेलं. हल्ली गावोगावच्या कमिट्या ते बघूनच बोलावणी धाडतात.

"आणि धोंडुआक्का रं?" मी विचारलं.

"त्यांनी सोडलं की कीर्तन," सयाजी म्हणाला.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? पानच काढून टाकलंय त्यांचं. हे बघ."

मी बघितलं. बाकीची कार्डं एकाखाली एक दिसत होती. मध्येच एक करडा चौकोन, त्यात एक चक्र आपलं फिरतंय. ना चेहरा, ना नाव, ना नंबर.

"गेल्या साली आजारी हुत्या म्हणं," कमिटीतला एक जण म्हणाला. "आमी म्हटलं, थकल्या आसतील. आता फोन करून इचारायचं बरं दिसतंय व्हय, की बाई तुमी का सोडलं म्हणून?"

म्हणजे ही माणसं मान राखायला गप्प बसली होती! आणि ही एकटीच असतील कशावरून?

दुसऱ्या दिवशी परत आले ती थेट अमरसिंहच्या स्टुडिओत. ऐकून तो हसलाच. "वहिनी, तुमच्या माहेरच्यांचा मोबाइल बदलाय सांगा." आणि त्यानं कॉम्प्युटरवर पान उघडलं. आक्का झटकन आल्या. कपाळावरचा बुक्का, गळ्यातली तुळशीची माळ, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. फोटो असा की आता बोलतील.

"लख्ख हाय की न्हाय?"

लख्ख होता. आता सयाजीला काय म्हणावं? तेवढ्यात दारावरून पवित्रा जाताना दिसली. आमच्या गल्लीतल्या रत्नव्वांची लेक, कोल्हापुरात वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात कामाला आहे. तिला हाक मारून सगळं सांगितलं. ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि मिनिटभरात तिनं कपाळाला हात लावला.

"अमरदादा, आक्कांचं हे कार्ड तीस एमबीचं आहे. बाकीच्यांची सगळी मिळून होतील एवढं हे एकटं."

"मग? आसू दे की. उघडतंय न्हवं?"

"तुमच्याकडं फायबरचं वेगवान नेट आहे म्हणून. शिवाय तुमच्या कॉम्प्युटरनं ते आधीच साठवून ठेवलंय. पन्हाळ्याखाली रेंजची एक काडी येते, तिथं काय उघडणार?"

बाकीची कार्डं हलकी का, तर त्या कीर्तनकारांनी फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले होते, तिथं ते आपोआप लहान झाले होते, आणि अमरसिंहनं ते जेपीजी या नेहमीच्या प्रकारात टाकले होते. आक्कांचा फोटो मात्र त्यानं स्वतः, स्टुडिओतल्या सगळ्यात भारी कॅमेऱ्यानं काढला आणि पीएनजी या दुसऱ्या प्रकारात, पूर्ण आकारात चढवला. का, ते त्यानंच सांगितलं.

"जेपीजी फोटो दाबतंय. दाबताना थोडं थोडं टाकून देतंय. पीएनजी एक ठिपका सोडत न्हाय. ज्या बाईनं मला माळ घातली, तिच्या चेहऱ्यातलं मी टाकून द्यायचं? जमणार न्हाय."

पवित्रा हसली नाही, हे मला आवडलं. ती म्हणाली, "ठिपका सोडत नाही म्हणून तर एवढं जड होतं. बोधचिन्ह, अक्षरं, सपाट रंग असतील तर पीएनजी चांगलं, आणि तिथं ते हलकंही राहतं. चेहऱ्यात हजार छटा. ते सगळं जसंच्या तसं ठेवायचं म्हणजे गाठोडं होणारच. जेपीजी जे सोडतं ते बहुतेक आपल्या डोळ्याला दिसतच नाही. बघा." तिनं तेच कार्ड मोबाइलच्या मापाचं करून दोन्ही प्रकारांत शेजारी शेजारी लावलं.

मला तर दोन्ही सारखीच दिसली. अमरसिंहनं मात्र स्क्रीनला नाक लावलं आणि बोट ठेवलं. "ही अक्षरं बघ. 'धोंडुबाई'च्या कडंला घाण आल्यासारखं दिसतंय. माशा बसल्यात जणू."

"बरोबर," पवित्रा म्हणाली. "जेपीजीत अक्षरांच्या कडा अशाच खराब होतात. आणि तेच परत परत सेव्ह केलं की दर वेळी आणखी बिघडतं."

"मग आता?" मी म्हटलं. या दोघांच्या वादात आक्कांची तारीखच राहून जाईल, असं मला वाटत होतं.

"अक्षरं चित्रात ठेवायचीच कशाला? नाव आणि नंबर साधे टाइप करू. ते लगेच दिसतील, बोट लावलं की फोनही लागेल. फोटो तेवढा वेबपीत टाकू. नवा प्रकार आहे, जेपीजीपेक्षाही हलका होतो, मोबाइलवर बिनधास्त उघडतो. फक्त फ्लेक्सवाल्याला तो देऊ नका, त्यांची जुनी मशिनं घेत नाहीत. त्याला मोठा जेपीजी द्या. आणि कॅमेऱ्यातला मूळ फोटो तुमच्याकडं कायम तसाच."

अमरसिंह खुर्चीत मागं रेलला. "पटतंय मला. पण आक्कांना इचारल्याबिगर मी हात लावणार न्हाय."

म्हणून आम्ही तिघं आक्कांच्या घरी गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. अमरसिंहला सांगवेना. मीच सगळं सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं. हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हंजे देव काय बोलला न्हवता तर," त्या म्हणाल्या. "तुझं मशीन बोललंवतं व्हय रं आमऱ्या?"

"चुकलं आक्का."

"आणि मी इकडं गाठोडं बांधून बसले!" त्या हसायला लागल्या, हसता हसता खोकला आला, पवित्रानं पाणी दिलं. मग अमरसिंह कसाबसा म्हणाला, "आक्का, तुमचा फोटो दाबायला लागंल. बारीक करायला लागंल. मन होत न्हाय माझं."

आक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. कीर्तनात दृष्टांत द्यायच्या आधी बघतात ना, तसं.

"नैवेद्याचं ताट गाभाऱ्यात आसतंय," त्या म्हणाल्या. "म्हणून सगळं ताट काय कुणी मांडवभर फिरवत न्हाय. हातावर चिमूटभर साखर पडती. ती खाताना कधी म्हणालास का, की आज प्रसाद कमी हाय, देव कमी पडला?"

"न्हाय."

"मग ताट तुझ्याकडं ठेव, आणि लोकास्नी साखर वाट. जा, आदी ते कर. मेथी मी निवडते."

अमरसिंहनं वाकून नमस्कार केला आणि तो पळालाच. पवित्राही त्याच्यामागं गेली. मी मेथी निवडायला बसले. अर्ध्या तासानं पवित्राचा फोन आला, "काकू, बघा आता." मी सयाजीला फोन लावला आणि पान उघडायला सांगितलं.

"उघडलं की गं!" तो ओरडला. "आक्का आल्या! मग पान काढलंच न्हवतं व्हय?"

"ते मागनं सांगते. आदी कमिटीला इचार."

"इचारतो. पण दिवस भरत आलेत बग."

फोन बंद झाला. आक्का उठून कामाला लागल्या. त्यांनी भाजी धुतली, लसूण सोलला, मेथी फोडणीला टाकली. मी उगीच चुलीभोवती घुटमळत राहिले. परत रिंग वाजली ती माझ्या मोबाइलची नव्हती, आक्कांची होती. त्यांनी ओल्या हातानं स्पीकर लावला.

"नमस्कार आक्का. सयाजी बोलतोय, क्रांतीचा भाऊ. आमचं चुकलं बगा, आमी समजत हुतो की तुमी..." मग त्यानं मुद्द्यालाच हात घातला. "सातातलं पाच दिवस ठरल्यात. एक महाराज आजारी हाईत, त्यांनी काल न्हाय म्हणून सांगितलं. तिसरा दिवस मोकळा हाय. तुमी अजून करताय न्हवं?"

मी चुलीपासून सरकून फोनजवळ आले. या बाईनं मघाशीच गाठोडं बांधल्याचं सांगितलं होतं. मनातून ते सुटलं होतं का, मला ठाऊक नव्हतं.

आक्कांनी पदराला हात पुसले.

"तुमच्यात मृदंगाला कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"आमचंच पोरगं हाय, ऋतुराज. नवीन हाय जरा."

"नवीन आसू दे. पण चाल मी लांबवते, त्यानं घाई करायची न्हाय. आदल्या दिवशी इकडं पाठवून दे त्याला, चार चाली बसवून घेते. आणि सयाजी, सहाच दिवस झालं की तुमचं. सातवा कुठाय?"

"काल्याचं कीर्तन आजून ठरायचं हाय आक्का."

"बरं," आक्का म्हणाल्या. "ते तुमचं तुमी ठरवा. मी तिसऱ्या दिवशी येते."

फोन ठेवला आणि त्या मला म्हणाल्या, "मेथीला मीठ घातलं का गं मी?"

घातलं नव्हतं. मी घातलं.