गच्चीवरची माती

वर पहिलं फावडं बसलं आणि स्वयंपाकघराच्या छतातून चिमूटभर धूळ त्याच्या चहात पडली. त्यानं ती चमच्यानं काढली आणि चहा पिऊन टाकला.

गच्चीवरची बाग बायकोची होती. ती गेल्यावर पाणी घालायला कुणी वर चढलं नाही आणि सगळं वाळून गेलं. इमारतीचे सेक्रेटरी भेटायला आले, थोडं इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "आता ते काढून टाकू. उद्या ओल उतरली तर तुमच्याच घरात उतरेल. वर पांढरा रंग मारून घेऊ. तुमची हरकत?"

"काढा," तो म्हणाला. हो म्हटलं की माणसं लवकर निघून जातात, एवढं त्याला अलीकडे कळलं होतं.

माती उतरताना पाहून तळमजल्यावरची शिंपीण धापा टाकत वर आली.

"भाऊजी, तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो."

"अहो, पाऊस झाला की माझ्या दारात तळं व्हायचं. वहिनींनी वर माती घातली तेव्हापासून माझं मशीन कधी भिजलं नाही. निम्मं पाणी ती मातीच पिऊन टाकायची."

"पाणी घालायला कुणी नाही आता."

"का? तुमच्या हातांना मेंदी लागलीय?" ती आणखी बोलणार होती, पण त्याच्याकडे बघून थांबली. "जेवलात का?"

"हो," तो म्हणाला. जेवला नव्हता.

दुपारपर्यंत स्वयंपाकघरावरची आणि बाहेरच्या खोलीवरची माती गेली. माणसं जेवायला बसली. ऊन रणरणत होतं. ओट्यापाशी उभं राहवेना, बाहेरच्या खोलीत भिंतीला हात लागला तरी चटका बसत होता. ही धग त्याला अनोळखी नव्हती. उभा जन्म बेकरीत गेला. रात्रभर भट्टीपुढे उभं राहायचं, उजाडल्यावर घरी यायचं आणि दिवसा झोपायचं. तो दारात आला की बायको म्हणायची, "भट्टी बाहेर ठेवून या." मग दिवसभर जो कुणी येईल त्याच्यासाठी ती दार अर्धंच उघडायची आणि सांगायची, "हळू बोला, आत माणूस झोपलंय." शिंपीण चिडवायची, "माणूस आहे की तान्हं बाळ?"

तो आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवा झाला. इथं गार होतं. ही खोली नेहमीच गार असायची, घरात एखादी खोली असते तशी. त्यानं कधी त्याचा विचार केला नव्हता. डोळे उघडे ठेवून तो पडून राहिला.

दार वाजलं. ठेकेदार होता. त्याच्या हातात मातीनं काळं पडलेलं पोतं होतं.

"काका, हे बघा. मातीखाली सगळीकडे अशी पोती अंथरलीत, त्याखाली खडी. पाणी निथळावं, माती वाहून जाऊ नये म्हणून. कुणी केलं हो? काम झकास आहे."

पोत्यावर कोंबड्याचं पुसट चित्र होतं. बेकरीतलं पिठाचं पोतं. रिकामी पोती बायको मागून घ्यायची. "धड बघून आणा, फाटकी नकोत," असं बजावायची. फरशी पुसायला लागत असतील, असं तो समजत होता.

"बायकोनं," तो म्हणाला.

"एक मात्र कळलं नाही. ह्या दोन खोल्यांवर माती वीतभरसुद्धा नाही, हां हां म्हणता उरकली. आतल्या खोलीवर मात्र हातभर जाड आहे. एवढी सगळी तिथंच कशाला ओतली असेल?"

त्यानं मागे वळून पलंगावरच्या छताकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथून गरम वाफ यावी तशी हवा येत होती.

"ते आता घेतो. अंधाराच्या आत होईल," ठेकेदार म्हणाला आणि तिथूनच त्यानं जिन्यात हाक मारली, "चला रे, उठा!"

"हळू," तो म्हणाला. त्याचा हात दाराला होता. दार त्यानं अर्धं लोटून घेतलं. "आत माणूस झोपलंय."

ठेकेदारानं त्याच्या खांद्यावरून आत डोकावलं. पलंग रिकामा होता, चादर तेवढी चुरगळलेली. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मग सेक्रेटरींना काय सांगू?"

"हेच सांगा."

ठेकेदारानं मान हलवली. पोतं नीट घडी करून त्यानं उंबऱ्याशी ठेवलं आणि तो वळला.

"वर नळ कुठल्या बाजूला आहे?" त्यानं ठेकेदाराला मागून विचारलं.

"नळ? वर नळ नाही काका. कोपऱ्यात एक बादली आहे फक्त."

तो दारातच उभा राहिला. गच्चीकडे जाणारा जिना अरुंद होता, पायऱ्या उंच होत्या.

"ती बादली तेवढी खाली द्या," तो म्हणाला.